मारत नाहीत, पण माणसात धरत नाहीत!

"साहेब, मारलं असतं त दवाखान्यात गेली असती. डॉक्टरची चिठ्ठी भेटली असती. मारत त कोणी नाही. माणसात धरत नाही फक्त. याची तक्रार कुठं लिहून घेतात?"

यवतमाळच्या कोर्टाबाहेर एका ताईने मला हा प्रश्न विचारला, त्याला आता काही वर्षे झाली. तिचे गाव सांगणार नाही, नाव तर नाहीच नाही. जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांपैकी एक तालुका समजा. हातात खताच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा मर्ग, शवविच्छेदन अहवाल, बँकेची जप्तीची नोटीस. मेलेल्या माणसाचा एकूण एक कागद तिच्याकडे होता. जिवंत बाईचा एकही नव्हता!

वीस वर्षे वकिली करतो आहे. त्याआधीपासून चळवळीत आहे. तरी त्या दिवशी तिच्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे शिकलो, ते समाजबांधवांपुढे आणि विशेषतः भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

जिल्हा मेलेल्यांची मोजदाद करतो

आपला यवतमाळ जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर बदनाम झाला. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद सांगितली जाते. लक्षात घ्या, त्या पहिल्याच नोंदीत एक बाई आणि चार लेकरे होती, पण इतिहास 'शेतकरी' एकच मोजतो. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. राज्य सरकारने पात्र ठरलेल्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत ठरवली. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पात्र किती, अपात्र किती, याचे तक्ते दरमहा जिल्हाधिकारी कार्यालयात तयार होतात.

पण त्या १ लाखानंतर त्या घरात काय होते, याचा तक्ता कोण करतो? महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम'ने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के महिलांच्या नावे ती कसत असलेली जमीन झालेली नव्हती. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या महिला जेमतेम ३५ टक्के. म्हणजे नवरा सावकाराने आणि निसर्गाने नेला. पण जमीन, घर आणि मान मात्र घरच्यांनीच नेला! सावकारावर मोर्चा काढता येतो, सरकारवर काढता येतो. भासऱ्यावर, दिरावर, जावेवर मोर्चा कसा काढायचा? म्हणून हा छळ चार भिंतींच्या आत राहतो.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याचा वाद झाला आणि उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातील वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. साऱ्या महाराष्ट्राने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना खर्च येत नाही. सातबाऱ्यावर नाव लावायचे म्हटले की मात्र हात आखडतात.

त्या बैठकीत मीही होतो

ताईची गोष्ट पुढे सांगतो. ते घर बौद्धांचे. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. भासरा चळवळीतला जुना कार्यकर्ता, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा. सासऱ्याने पोटाला चिमटा घेऊन कमावलेली सहा एकर जमीन. सासरा वारल्यावर सातबाऱ्यावर मोठ्या मुलाचे एकट्याचे नाव लागले, 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून. धाकट्याने, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, भावावर विश्वास ठेवला. सोयाबीन गेलं त्या वर्षी त्याने फवारणीचे औषध घेतले.

मदतीचे ३० हजार आले, ते पुण्यानुमोदनाच्या जेवणावळीत आणि उधारीत गेले. ठेवीचे पासबुक भासऱ्याच्या पेटीत गेले. पुढच्या हंगामात ताईला सांगण्यात आले, "तुझी चूल वेगळी." चूल वेगळी, पण धान्याची कोठी एकच आणि तिला कुलूप. ताई त्याच सहा एकरांत निंदणाला जायची आणि मजुरी मागितली की "घरच्या कामाची कोणती मजुरी?" जाऊ येता-जाता "नवरा गिळून बसली" म्हणायची. मुलीची शाळेची फी थांबली. विजेची तार तिच्या खोलीकडून काढून घेतली. हे सारे चालले असताना अंगावर कोणी बोटही लावले नाही!

ताईने विहारात गाऱ्हाणे नेले. बैठक बसली. गावातले पाच-सात जाणते आणि तालुक्यातून आलेले दोन कार्यकर्ते. त्या दोघांत मी होतो. तेव्हा मी नवा वकील आणि तो भासरा आमचा ज्येष्ठ सहकारी. आम्ही काय निर्णय दिला? "ताई, समाजाची अब्रू चव्हाट्यावर नेऊ नका. भाऊ समजदार आहेत. थोडं सोसा, लेकरं मोठी होतील." ताई काही बोलली नाही. खाली बसली होती, उठली, पदर सावरला आणि गेली. आम्ही चहा प्यालो.

दहा वर्षांनी कोर्टाबाहेर तिने मला ओळखले होते. मी तिला ओळखले नव्हते. आपला अर्धा इतिहास हाच आहे, बंधूंनो!

अन्याय करणारा मनुवादी असला की आपली जीभ तलवारीसारखी चालते. अन्याय करणारा जयभीमवाला असला की तीच जीभ टाळूला चिकटते. १८६३ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा आश्रयाला आलेल्या विधवांना फसवणाऱ्यांत घरचेही असत. फुले दांपत्याने "तुमच्या घरची भानगड तुम्हीच मिटवा" म्हणून दार लावून घेतले नाही. आपण मात्र लावून घेतो.

छळ ओळखायचा कसा?

पहिली अडचण पुराव्याची नाहीच. पहिली अडचण ओळखण्याची आहे. जिच्यावर होतो तिलाच तो छळ वाटत नाही, 'नशीब' वाटते. आपण तर नशीब मानत नाही. मग कायदा काय मानतो ते पाहू.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. पुष्कळांना वाटते, हा नवरा-बायकोच्या भांडणाचा कायदा. चूक! एकत्र कुटुंबात राहणाऱ्या विधवा, बहीण, आई या साऱ्या त्यात येतात. कलम ३ ने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. शेवटचे दोन नीट समजून घ्या.

शाब्दिक-भावनिक म्हणजे अपमान, हिणवणे, नावे ठेवणे, मूलबाळ नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचणे. "पांढऱ्या पायाची", "नवरा गिळला" ही हिंसा आहे. आर्थिक म्हणजे जे तिला कायद्याने, रिवाजाने किंवा गरजेने मिळायला हवे, त्यापासून तिला तोडणे. कोठीला कुलूप ही हिंसा आहे. पासबुक दाबून ठेवणे, लेकरांचा खर्च बंद करणे, तिचा हिस्सा असलेली वस्तू किंवा जमीन परस्पर विकणे, तिचे दागिने अडकवणे, घरातल्या ज्या सोयी ती वापरत आली त्या बंद करणे, ही सारी हिंसा आहे. वीज तोडणे त्यातच आले. आणि भासऱ्या-दिराचा वाईट हात? तो तर लैंगिक हिंसाचार आहे. त्याला "चुकून लागला" म्हणणारी सासूही चुकते आणि गप्प बसणारे गावही.

२०१६ पर्यंत या कायद्यात तक्रार फक्त प्रौढ पुरुषाविरुद्ध करता येई, नवऱ्याचे नातेवाईक हा अपवाद सोडला तर. हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रौढ पुरुष' हे शब्दच रद्द केले. आता छळणारी बाई असली तरी ती जबाबदार आहे.

"नवराच नाही तर सासरचे घर कसले?" हा प्रश्न आपल्या बायकांना हमखास ऐकावा लागतो. त्याचे उत्तर १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात दिले. लग्नानंतर महिनाभरातच प्रभा त्यागींचा पती अपघातात गेला. सासरच्यांच्या वागणुकीमुळे बाहेर राहावे लागले, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की अशा विधवेलाही सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, ती त्या घरात प्रत्यक्ष राहत नसली तरी. घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न वेगळा. राहण्याचा हक्क वेगळा. तिला बाहेर काढायचे तर कायद्याच्या मार्गानेच काढता येईल, गाठोडे ओट्यावर फेकून नाही.

"आम्ही बौद्ध, तो कायदा आम्हाला लागू नाही"

ताईच्या प्रकरणात भासऱ्याच्या बाजूने एक विद्वान उभा राहिला. म्हणाला, "आम्ही १९५६ साली हिंदू धर्म सोडला. हिंदू वारसा कायदा आम्हाला लागूच होत नाही." वा रे वा! बाईला हिस्सा द्यायची वेळ आली की धम्म आठवला!

हिंदू वारसा अधिनियम १९५६, कलम २ वाचा. बौद्ध, जैन आणि शीख यांना तो कायदा स्पष्ट शब्दांत लागू आहे. नाव खटकते, मलाही खटकते. पण त्याचा आतला प्राण कोणाचा? विधवेला मुलांच्या बरोबरीने आणि पूर्ण मालकीने वाटा मिळावा, हा आग्रह हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी धरला. ते बिल बासनात गुंडाळले गेले, हे सप्टेंबर १९५१ मधील त्यांच्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक. ज्या हक्कासाठी बापाने मंत्रिपद फेकले, तो हक्क लेक नाकारतो आणि वर जयभीम म्हणतो!

आता हिशेब करा. पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगा, मुलगी आणि आई. भाऊ हा दुसऱ्या वर्गाचा वारस. पहिल्या वर्गातले एक माणूस जरी जिवंत असले तरी भावाला मेलेल्या भावाच्या जमिनीतले एक ढेकूळही मिळत नाही.

ताईच्या घरची सहा एकर सासऱ्याच्या स्वकष्टाची. सासऱ्यामागे सासू आणि दोन मुलगे. प्रत्येकी दोन एकर. धाकटा गेला, त्याच्या दोन एकरांचे चार वारस. ताई, मुलगा, मुलगी आणि त्याची आई. प्रत्येकी अर्धा एकर. म्हणजे ताई आणि लेकरांचे मिळून दीड एकर, भासऱ्याचे दोन एकर आणि म्हाताऱ्या सासूचे अडीच एकर!

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा ताई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "साहेब, म्हणजे सगळ्यात मोठी मालकीण आमची बुढी? ते त गोठ्यात झोपते."

बंधूंनो, इथे मला दुसऱ्यांदा शरम वाटली. आम्ही बैठकीला गेलो होतो तेव्हाही ती म्हातारी गोठ्यातच होती. तिच्याबद्दल तर कोणी गाऱ्हाणेही केले नव्हते, म्हणून आम्ही तिच्याकडे पाहिलेही नाही. सून-सासूचे भांडण म्हणून जे आपण हसण्यावारी नेतो, त्यात पुष्कळदा दोघीही एकाच माणसाच्या कुलपाखाली असतात. सासूसाठी २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यापुढे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. मूलबाळ नसलेल्या वृद्धांना, ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार त्या पुतण्या-भाच्याकडूनही तो मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही तिला आहेच.

वही

"माझ्याकडे कायी पुरावा नाही," ताई म्हणत होती. मी विचारले, "कधी काय झालं, आठवतं का?" तर म्हणाली, "मले नाही आठवत. पोरीनं लिहून ठेवलं आहे."

पोरगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने तीन वर्षे लिहिले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे बाबांनी कोठीला कुलूप लावले, आईने शेजारून दोन पायली ज्वारी आणली. अमुक तारखेला आजीला ताप होता, दवाखान्यात कोणी नेले नाही, आई पायी घेऊन गेली. अमुक तारखेला रात्री लाईट कापली, माझी परीक्षा होती. बस्स. कुठेही 'छळ' हा शब्द नाही, कुठे रडणे नाही. तारीख, घटना, कोण होते, पुढे काय केले. मी बी.ए., एलएल.बी. झालेला माणूस; मला एवढे चांगले टिपण करता आले नसते!

त्या वहीवरून मी शिकलो ते असे सांगतो. भगिनींनी कापून ठेवावे.

एक, ज्या दिवशी घडले त्याच दिवशी लिहा. साक्षीदाराला त्या वेळी केलेली नोंद पाहून स्मरण ताजे करता येते. जुन्या पुरावा कायद्यात ही सोय होती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मागाहून एका बैठकीत, एका शाईने लिहिलेली वही मात्र उलटतपासणीच्या दोन प्रश्नांत फुटते. स्वतःला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, पण लगेच वाचून घ्या आणि लिहिणाऱ्याचे नाव टाका.

दोन, निष्कर्ष लिहू नका, घटना लिहा. "दिराने त्रास दिला" याला कोर्टात किंमत नाही. "मंगळवारी सकाळी दिराने पासबुक हातातून हिसकले, दळणाला आलेली शेजारीण ओट्यावर होती" याला आहे. शिवी दिली असेल तर तीच शिवी जशीच्या तशी लिहा. लाजू नका, शिवी देणाऱ्याने लाजावे.

तीन, उपेक्षेचाही पुरावा असतो. रेशन दुकानाची पावती, किराण्याच्या उधारीची वही, शाळेची फी थकल्याची चिठ्ठी, सरकारी दवाखान्याचा केसपेपर. दवाखान्यात 'पडले' सांगू नका; कोणी ढकलले तर तसेच सांगा, डॉक्टर ते लिहितो.

चार, पैशाचा माग ठेवा. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये (२०२३ पासून) कोणाच्या खात्यात येतात? तुमच्या अंगठ्यावर दुसराच कोणी पैसे उचलत असेल तर बँकेतून खात्याचा उतारा काढा. पासबुक हरवले म्हणून अर्ज केला की नवे मिळते. त्यासाठी भासऱ्याची परवानगी लागत नाही.

पाच, कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही म्हणजे नाही. "सही कर, नाहीतर मदत मिळणार नाही" म्हणून पुष्कळींचे हक्क सोडवून घेतले गेले. ध्यानात ठेवा, स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते. साध्या स्टॅम्पवर घेतलेल्या अंगठ्याने तुमचा हिस्सा जात नाही. फसवून अंगठा घेतला असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या.

सहा, तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. जिथे अर्ज द्याल तिथे दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. अर्जाचे पुढे काय झाले ते माहिती अधिकारात विचारा. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली तरी तिची प्रत मागा.

सात, फोनमध्ये आवाज किंवा फोटो असेल तर तो पुसू नका, कापू नका, मूळ फोन जपा. कोर्टात त्यासोबत नव्या कायद्याच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते वकील पाहील.

आणि आठवे, सर्वांत महत्त्वाचे. वही सापडली तर जीवावर बेतू शकते. वही उशाखाली ठेवू नका. एक प्रत माहेरी, शाळेच्या बाईंकडे, अंगणवाडी किंवा आशा ताईकडे ठेवा. पुराव्यापेक्षा जीव मोठा आहे. धोका दिसला तर आधी घराबाहेर पडा. ११२ किंवा १८१ लावा, वही नंतर.

वही घेऊन जायचे कुठे?

तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो. तो 'कौटुंबिक घटना अहवाल' भरून देतो. तो अहवाल नसला तरी अर्ज अडत नाही, हेही प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट झाले. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली करायचा. माहेरी येऊन राहिली असाल तर माहेरच्या तालुक्यातही करता येतो. संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सारे एकाच अर्जात मागता येते आणि प्रकरण चालू असताना अंतरिम आदेशही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही, खोटी आशा मी देणार नाही. पण उशीर झाला म्हणून तक्रारच गेली, असेही नाही. कलम १२ च्या अर्जाला मुदतीची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

वकिलाची फी कुठून आणू? अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही महिला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार फुकट वकिलाला पात्र आहे. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० हा क्रमांक आहे.

जमिनीसाठी वेगळा अर्ज. मृत्यूनंतर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यायचा. मुदत तीन महिन्यांची सांगतात, पण ती उलटली म्हणून हक्क बुडत नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. निर्णय विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मेलेल्यांची नावे कमी करून वारसांची लावण्याचे ठरवले. मोहीम चांगली, पण वारसांची यादी कोणी सांगितली ते पाहा. भासऱ्याने सांगितली असेल तर त्यात सून आणि लेकी आहेत का, हे स्वतः डोळ्यांनी वाचा. आणि विधवेने दुसरे लग्न केले म्हणून पहिल्या नवऱ्याकडून वारशाने आलेली जमीन जात नाही, हेही कानावर असू द्या.

"वकीलसाहेब, तुम्ही घरं फोडता!"

हा आरोप माझ्यावर गावोगाव होतो. त्याला माझे उत्तर असे. ज्या घरात एका चुलीला धान्य आहे आणि दुसऱ्या चुलीसमोर लेकरे उपाशी आहेत, ते घर आधीच फुटलेले आहे. मी फक्त तडा दाखवतो. दुसरा आक्षेप, खोट्या तक्रारी होतात. होत असतील. म्हणूनच तर तारीखवार नोंद हवी! खरे बोलणाऱ्या बाईला वही तारते आणि खोटे बोलणाऱ्याला वही पकडते. निर्दोष भासऱ्याने वहीला भिण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. "आपल्या समाजाची बदनामी होईल." १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात दलित महिलांच्या परिषदेपुढे बाबासाहेब बोलले. समाज किती पुढे गेला हे त्या समाजाच्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून आपण मोजतो, असे त्यांनी सांगितले. ती मोजपट्टी त्यांनी आपल्याच समाजासाठी दिली होती, दुसऱ्याच्या घरात लावण्यासाठी नाही.

ताईचे काय झाले? गोड शेवट सांगत नाही. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, खोली आणि वीज तिला मिळाली, महिन्याचा खर्च ठरला, तो कधी येतो, कधी येत नाही. म्हातारी गोठ्यातून ताईच्या खोलीत आली आणि वारसनोंदीच्या चौकशीत तिने स्वतः उभी राहून सांगितले, "माह्या धाकट्याच्या लेकरायले त्यायचा वाटा द्या." मंडळ अधिकाऱ्याने नोंद केली. भासऱ्याने अपील केले, ते अजून पडून आहे. मला चळवळीतले दोन जुने मित्र आता जयभीम घालत नाहीत. ताई घालते.

समाजबांधवांनो, आपल्या प्रत्येक विहारात वर्गणीची वही आहे, जयंतीच्या खर्चाची वही आहे. रुपयान् रुपया लिहितो आपण. तिथेच आणखी एक वही ठेवा. ती कुलपात ठेवा आणि किल्ली महिला मंडळाकडे द्या. ज्या बाईचे गाऱ्हाणे येईल ते तारखेनिशी, तिच्या शब्दांत लिहून घ्या आणि तिला प्रत द्या. न्याय करायला बसू नका. तो आपला अधिकार नाही आणि आपली लायकी किती ते मी स्वतः पाहिले आहे. फक्त लिहून घ्या आणि सोबत तहसीलपर्यंत चला. आमच्या तालुक्यातल्या एका विहारात ही वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर पहिली नोंद माझी आहे. अमुक साली, अमुक बैठकीत, एका भगिनीला "सोसा" असा सल्ला दिला. हजर सभासदांत अस्मादिक.

दुसऱ्या पानापासून तुमची नावे येऊ नयेत, एवढीच अपेक्षा.

जयभीम!